मूझेतच्या गळ्यातली घंटा

रिस्तेनने मूझेतचं मुस्कट काखेत आवळून धरलं आणि जनावरांच्या डॉक्टरने, तोरुनने, दगडफुलाच्या भुग्यात घोळवलेला कापसाचा बोळा त्याच्या तोंडात सरकवला. रेनडिअर तो सावकाश चघळू लागला. सुई नाही, रक्त नाही. अंगात मेलाटोनिन किती उतरलं, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला कळलं की नाही, ते तोरुन लाळेवरूनच ओळखायची.

भर दुपार होती, पण तिथे, दूर उत्तरेत, जानेवारीत सूर्य उगवतच नाही. उजेड होता तो अंगणातल्या खांबावरच्या दिव्याचा. नोव्हेंबरात मिक्काल बर्फावर चालणारी स्कूटर घेऊन तळ्याच्या कोवळ्या बर्फावरून गेला आणि परतला नाही, त्या दिवसापासून त्याच्या बायकोने, रिस्तेनने, तो दिवा विझवला नव्हता.

मूझेतने मान सोडवून घेतली. रिस्तेनच्या बाहीला केसांचा पुंजका चिकटून आला.

"खरूज झालीय मेल्याला. औषध दे काहीतरी."

"खरूज नाही, मावशी. मागच्या लाळेचा निकाल आलाय. कळपातल्या बाकीच्यांचं मेलाटोनिन भरपूर आहे, याचं जवळपास नाहीच. अहोरात्र दिव्याखाली उभा असतो ना, त्याला वाटतंय उन्हाळा आला. म्हणून हिवाळ्याची लोकर टाकतोय. या थंडीत असाच राहिला तर गारठून मरेल."

"दोनदा कळपात सोडून आले. दोन्ही वेळा कुंपण मोडून दिव्याच्या खांबाशी हजर. मिक्कालने लाडावून ठेवलाय गाढवाला."

"मग दिवा..."

"दिव्याचं नाव काढू नकोस. तुमच्या दक्षिणेत माणूस यायचा असला की दिवे मालवतात का गं?"

तोरुनने लाळेने भिजलेला बोळा नळीत टाकून बूच लावलं. ती बराच वेळ ते घट्ट करत राहिली.

"तळं नाताळच्या आधीच पक्कं गोठलंय, मावशी. यायचा असता तर..."

हे रिस्तेनला का ठाऊक नव्हतं? पण तोंडावर कोणी बोललं नव्हतं. तोरुनची गाडी गेल्यावर तिने मूझेतच्या उघड्या पडलेल्या पाठीवर हात ठेवला. कातडी थरथरत होती. तळ्याने नवरा गिळला, आता त्याचं जनावरही जाणार, आणि तेही आपल्याच हाताने. तिला हुंदका आवरेना.

बॅटरी घेऊन कळप शोधणाऱ्यांना मिक्काल हसायचा. अंधारात कानांनी शोधायचं, म्हणायचा. म्हणून तर मूझेतच्या गळ्यात घंटा होती. तो गेल्यावर पहिल्याच आठवड्यात रिस्तेनने तिच्यात शेवाळ कोंबलं होतं, कारण मूझेत कायम मिक्कालच्या मागेमागे असायचा, आणि घंटा किणकिणली की मिक्कालच आला असं वाटून ती अनवाणी दाराकडे धावायची.

तिने बोटांनी शेवाळ उकरून काढलं.

"दिवा दिसला नाही तरी ही घंटा ओळखेल तो," ती मूझेतला म्हणाली, आणि खांबावरचं बटण बंद केलं.

घरात येऊन ती अंधारातच बसली. घंटा वाजली. ती अर्धवट उठली, टेबलाची कड धरून पुन्हा बसली. घंटा परत वाजली, या वेळी मोडक्या कुंपणापाशी. मग त्याही पलीकडे, कळपाच्या बाजूला.

हाक मारली असती तर तो परतला असता. रिस्तेनने हाक मारली नाही. घंटा ऐकू येईनाशी होईपर्यंत ती कान देऊन बसून राहिली.