मी एकदाच ‘नाही’ म्हणालो

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझाही बसला नसता, पण काय करणार, ते माझ्यावरच गुदरलं. समोर खिळ्याला लटकलेली ती कात्री आत्तापासूनच नाक मुरडते आहे. तिच्याकडे लक्ष देऊ नका. तिच्या पात्याला एक खाच पडली, तेव्हापासून तिचं सगळ्या जगाशी वाकडं आहे. म्हातारपण, दुसरं काय!

मी नवा होतो तेव्हा माझा पंखा इतका जोरात फिरायचा, की समोरच्या इमारतीतले कपडे वाळायचे. बरं, समोरच्या नाही, शेजारच्या. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या काकांनी मला घरी आणलं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं एका बाजूचं झाकण उघडलं आणि ते पुन्हा कधी बसवलं नाही. दुरुस्ती करणाऱ्याच्या घरात झाकणांचं असंच व्हायचं.

मला काकूंच्या शिवणवर्गात, कपाट आणि भिंत यांच्या मधल्या बोळात ठेवलं. माझ्या पोटात दोन डिस्क होत्या. लहान डिस्क काकांची. मोठी काकूंची, आणि तिच्यात काकूंचे पॅटर्न होते. एक खांदा उतरलेले टपालवाले, पाठीला बाक आलेल्या शिक्षिका, एक हात आखूड असलेली शेजारची ताई, ज्यांना दुकानातला एकही कपडा धड बसत नाही, अशा सगळ्यांची मापं आणि आखणी. काकूंनी मोठ्या डिस्कच्या वायरीला लाल दोरा बांधला होता.

“ही माझी,” त्या म्हणाल्या. “हिला हात लावलात तर जेवायचं तुमचं तुम्ही बघा.”

“तुझ्या कात्रीला हात लावायचा नाही, आता डिस्कलाही नाही. या घरात माझं काय आहे मग?”

“स्क्रूड्रायव्हर.”

कात्रीची तर काय ऐट! ती काकूंच्या गळ्यात अडकवलेली असायची आणि फक्त कापड कापणार. एकदा काकांनी त्या कात्रीने कागदाचं पाकीट उघडलं होतं, तर काकू दिवसभर त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. कापडाच्या कात्रीने दुसरं काही कापलं की धार जाते, आणि धार गेली की शिंपिणीचा हातच गेला म्हणायचा.

काकांना एक नाद होता. जगभरातले काही हौशी लोक मिळून एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवत. पगार कुणालाच नव्हता, भांडणं मात्र रोज. तिची सारखी नवी आवृत्ती निघे आणि काका ती माझ्यावर चढवत. दरवेळी ती प्रश्न विचारी. भाषा कोणती? वेळ कुठली? डिस्क पुसू का? उत्तरं देऊन देऊन काका कंटाळले आणि त्यांनी एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे आज्ञांची माळ. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्यांनी आधीच लिहून ठेवलं, आणि बहुतेक उत्तरं ‘हो’ होती. कोणती डिस्क पुसायची? तर, जी आधी जागी होईल ती. लहान डिस्क चपळ, तीच नेहमी आधी जागी व्हायची. त्यामुळे काकांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

पण शिलाई मशीनवाल्याला सैल काही चालत नाही. स्क्रिप्ट ज्यात होती तो पेन ड्राइव्ह शिवणवर्गातल्या मुलींच्या कोपराने निघेल, म्हणून काकांनी तो गोंदाने चिकटवला. आतल्या वायरींच्या सगळ्या पिनाही चिकटवल्या. कुणी चुकून बंद करेल, म्हणून माझ्या बटणाची वायर काढून टाकली. वीज गेली तरी काम अडू नये, म्हणून बॅटरीची पेटी कपाटात ठेवली, माझा प्लग तिला जोडला आणि कपाटाला कुलूप लावलं. कीबोर्डही उचलून ठेवला. “आता याला माणूस लागत नाही!” असं म्हणून ते एका कारखान्यात मशीन दुरुस्त करायला निघून गेले.

मित्रांनो, मग मी अडकलो.

स्क्रिप्टने मला पुसलं, नवी आवृत्ती चढवली आणि पुन्हा सुरू केलं. सुरू झाल्यावर मी आधी पेन ड्राइव्हकडेच बघतो. इथवर आलं की तो काढायचा असतो. पण तो तर चिकटलेला! स्क्रिप्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू. मी जन्माला यायचो, पडद्यावर ‘स्वागत आहे’ उमटायचं, आणि पहिला श्वास घेतो न घेतो तोच प्रश्न, पुसू? उत्तर, हो. पुन्हा जन्म. पुन्हा स्वागत. पलीकडे मशीनची घरघर, मुलींचं खिदळणं, काकूंचं “अगं, दोरा ओढ की!”, सगळं ऐकू येत होतं, पण मला हाक मारता येत नव्हती. तोंड माझं, शब्द मात्र काकांचे. पुसल्यावर हे आठवतं कसं, असं विचारू नका. अपमान डिस्कवर राहत नसतो.

शेवटी लहान डिस्क तापून थकली. खट् खट् करू लागली. काकूंनी कान टवकारले. “हा सुई मोडल्याचा आवाज आहे,” म्हणत त्या आल्या. पडद्यावर लिहिलं होतं, ‘पहिली डिस्क सापडत नाही. पुढची शोधत आहे.’

काकूंनी फोन लावला. “अहो, तुमचं यंत्र माझ्या डिस्ककडे निघालंय! बंद कसं करू?”

“ते बंद होत नाही,” काका अभिमानाने म्हणाले.

“कपाटाची किल्ली कुठंय?”

“माझ्या खिशात. अगं, तुझ्या डिस्कची पिन ओढ!”

“चिकटवलीये! तुम्हीच!”

त्या सगळ्या वाकड्या खांद्यांचे, आखूड हातांचे पॅटर्न जाणार होते. टपालवाल्यांचं माप तर पुन्हा मिळणारही नव्हतं, ते कधीच देवाघरी गेले होते, आणि आता त्यांच्या तसल्याच खांद्याच्या मुलासाठी काकू त्यावरूनच कपडे बेतत. मोठी डिस्क जागी झाली. प्रश्न आला, पुसू?

आणि मित्रांनो, तेव्हा मी दात आवळले, पंखा रोखला, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मनाने म्हणालो, “नाही!” मी जागीच थांबलो. पॅटर्न वाचले. काका धावत आले, त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “शहाणा आहेस!” पुढे नवा संगणक आला आणि मी या फळीवर धूळ खात पडलो, ते असो. मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. यंत्राला कामं सांगा, पण एखादा प्रश्न माणसासाठी राखून ठेवा. आणि यंत्र अडकलं तर त्याला सोडवा. कारण प्रत्येक यंत्रात माझ्याइतका स्वाभिमान—

“खोटारड्या!” खिळ्यावरून कात्री ओरडली. “तू ‘हो’च म्हणाला होतास! पडद्यावर ते मी या डोळ्यांनी वाचलं. काकूंनी मला गळ्यातून काढलं, क्षणभर छातीशी धरलं आणि लाल दोऱ्यासकट ती वायर कापली. तू ‘नाही’ म्हणाला असतास, तर माझ्या पात्याला ही खाच कशाने पडली असती रे?”