मला म्हातारं केलं त्याची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे, असं माझ्यावरच्या पाटीवर लिहिलं आहे. ती पाटी खोटी आहे. मी जुनं नाही, मला जुनं केलं गेलं. त्याची किळस मला अजून येते.

मला घडवलं ते खेड्यातल्या एका बाईने. लाकूडकाम आणि लोहारकाम दोन्ही तिच्या हातचं, म्हणून सारा गाव तिला मिस्त्रीणबाई म्हणे. शहरातल्या एका शेठने तिच्याकडे मोठं जेवणाचं टेबल सांगितलं. "वेळ लागू दे, पण काम चोख हवं," एवढंच तो बोलला. मिस्त्रीणबाई हुरळून गेली. तिने फळ्या वाळवल्या, रंधा मारला, एकही खिळा न ठोकता खाचेत खाच बसवली. भट्टीत लोखंड लाल करून माझे पाय घडवले आणि त्यांवर वेल चढवली. शेवटी माझ्यावरून तळवा फिरवून ती नवऱ्याला म्हणाली, "यावर तान्हं बाळ निजवलं तरी ओरखडा उठायचा नाही त्याला!"

"मग बाळासारखंच पोचव त्याला," नवरा हसत म्हणाला आणि दोघांनी मला गोधडीत गुंडाळलं.

शेठच्या गोदामात ती गोधडी ओरबाडून काढली गेली. दोन माणसांनी मला साखळ्यांनी बडवलं. बारीक गिरमिटाने माझ्या अंगात किडीने पोखरल्यासारखी भोकं पाडली. पायांवर तेजाब ओतलं, तेव्हा ती नाजूक वेल फसफसून गंजली. मग गटारातला काळा गाळ आणून माझ्या फटींत बोटांनी चोळला. एकजण नाक धरून म्हणाला, "शी! किती घाण वास!" दुसरा म्हणाला, "वासाचेच तर पैसे असतात, लेका." आणि त्याने माझ्यावर थुंकून ती थुंकी फडक्याने जिरवली.

वरून पाटी लागली: राजघराण्यातलं दोनशे वर्षांपूर्वीचं टेबल.

पुढे मिस्त्रीणबाई त्याच शेठने सांगितलेल्या खुर्च्या टेम्पोतून घेऊन आली. त्याच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरली आणि मला पाहून जागीच थबकली. वाकून तिने पायाची वेल निरखली.

"हे... हे तर मी केलेलं! कुणी केली याची ही दशा?"

"ताई, हळू बोला, गिऱ्हाईक आहे," शेठ पुटपुटला.

गिऱ्हाईक म्हणजे रेशमी कपड्यांतली एक बाई माझ्यापाशीच उभी होती. मिस्त्रीणबाई तिला म्हणाली, "बाईसाहेब, फसू नका. गेल्याच वर्षी माझ्या हाताने केलंय हे."

मला वाटलं, आता शेठची खरडपट्टी निघणार. पण ती बाई गालात हसली. "अहो, मला का कळत नाही? पण दिसतंय ना जुनं? पाहुण्यांना कोण सांगायला जातंय!"

शेठही हसला. मिस्त्रीणबाईचा चेहरा मात्र असा झाला, जणू घासात अळी निघाली. ती मागे सरली. मला वाटत होतं, जाताना तरी ती एकदा माझ्यावरून हात फिरवेल. तिने हात पुढे केलाही. पण फटीतला तो गाळ दिसला आणि तिने हात आखडून घेतला. मित्रांनो, साखळ्यांचे घाव मी सोसले, पण तो आखडलेला हात मला सोसवला नाही.

बाहेर जाऊन तिने टेम्पोवाल्याला सांगितलं, "एकही खुर्ची उतरवू नका."

"अहो ताई, माझ्याशिवाय कोण घेणार त्या?" शेठ ओरडला.

"चुलीत घालीन, पण तुमच्या हाती देणार नाही!"

आता मी त्या रेशमी बाईच्या दिवाणखान्यात आहे. एकदा शेठ इथे आला, तेव्हा कुरकुरत होता की मिस्त्रीणबाई आता दुकानांची कामं घेतच नाही. जो स्वतः येऊन माप देईल, त्याच्यासाठीच करते. ते ऐकून मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. बाकी रोज तेच. पाहुणे येतात, मी कुठल्या राजाचं याची बाई नवी थाप मारते आणि लोक भक्तिभावाने गिरमिटाच्या भोकांत डोकावतात.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी हाताने घडवलेली वस्तू असेल, तर तिला नुसती मिरवू नका. तिच्यावर जेवा, अभ्यास करा, भांडा, दूध सांडा आणि लगेच पुसा. तुमच्या सोबतीने तिला आपसूक म्हातारी होऊ द्या. मी जेवणाचं टेबल आहे, पण माझ्यावर आजवर कुणी एक ताटसुद्धा मांडलेलं नाही.