फुंकायचे पक्षी

"फुंक ना गोजरा, पाहुणे काय दिवसभर बसणारेत?" मॅनेजर मधुकर साठे म्हणाले.

गोजराने चिनीमातीचा पांढरा पक्षी ओठांशी नेला. त्याच्या पोटात पाणी भरून शेपटीतून फुंकलं, की पाणी खळखळायचं आणि चोचीतून बुलबुलासारखी शीळ निघायची. टेबलावर घुमणारा वाडगा होता, हुंकार देणारी सुरई होती, असे कितीतरी नग. समोर मुंबईचे व्यापारी बसले होते.

हे सगळं चारुलताबाईंच्या डोक्यातून निघालेलं. कपबशांच्या या कारखान्यात दोन वर्षांपूर्वी त्या नमुने काढायला आल्या. "कपाटात ठेवून बघायच्या वस्तू मला करायच्याच नाहीत. माणसाने उचलल्या, फुंकल्या, की मगच त्या पुऱ्या होतात," त्या म्हणायच्या. कुणी हसायचं, कुणी नाक मुरडायचं.

गोजरा जवळच्याच शिरवणे गावची. शेत कारखान्यांच्या पट्ट्यात गेलं, त्या बदल्यात ही नोकरी मिळाली. सासऱ्यांच्या मागे गावदेवीच्या आरतीला शंख फुंकायचं व्रत तिनेच चालवलं होतं. घरात दुसऱ्या कुणाच्या छातीत तेवढा दमच नव्हता. एका संध्याकाळी चारुलताबाईंनी तो शंख ऐकला आणि दुसऱ्या दिवशी तिला आपल्या खोलीत बसवून घेतलं.

काम नाजूक होतं. वाळलेल्या कच्च्या पक्ष्याची नळी तारेने खरवडायची आणि आतली भुकटी तोंडाने फुंकून काढायची. ती उलटून तोंडावरच यायची. जेवणाच्या सुट्टीत बरोबरची सखू तिला नवऱ्यावरून चिडवायची, "काय गो, पावडर लावून कुनाला भुलवतेस? वामनदादा वलखंल काय तुला?" गोजराही पदराने तोंड पुसत हसायची.

मग खोकला लागला. आरतीत शंख मध्येच तुटू लागला. तिने एकट्या चारुलताबाईंना सांगितलं, "दम लागतंय मना. पन कोनाला सांगू नका बाय, कामावरून काढतील."

"वेडी का तू? माझं माणूस आहेस तू," बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला होता.

आता व्यापाऱ्यांसमोर तिने फुंकलं. पाणी नुसतं गुरगुरलं. पुन्हा फुंकलं आणि खोकल्याने ती दुमडलीच.

"पक्षी मुका आहे वाटतं!" एक व्यापारी म्हणाला. सगळे हसले. "वाजतच नसेल, तर आम्ही विकायचं काय साठेसाहेब?"

साठ्यांनी चारुलताबाईंकडे पाहिलं. बाई उठल्या. गोजराच्या हातातून पक्षी घेऊन त्यांनी त्याची शेपटी रुमालाने नीट पुसली, आणि फुंकर घातली. खोलीभर शीळ घुमली.

"नग उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "हिची छातीच गेलीय. सहा महिने झाले, श्वासच पुरत नाही हिला."

व्यापारी खूश झाले. पक्षी या हातातून त्या हातात फिरू लागला. मोठी मोठी माणसं पोरांसारखी शीळ वाजवू लागली.

"सहा महिने?" साठे गोजराकडे वळले. "उद्यापासून येऊ नकोस. आधी तब्येत बघ."

फाटकाशी चारुलताबाई धावत आल्या. त्यांच्या हातात एक पक्षी होता. "हा तुला. आठवण म्हणून."

"बाय, मी तुमचं मानूस ना?"

"अगं, सगळा संच रद्द झाला असता! दोन वर्षं गेलीत माझी त्यात."

गोजराने पक्षी घेतला. कुणी दिलेलं नाकारायची तिला सवय नव्हती.

तिन्हीसांजेला वामनने दारातून विचारलं, "देवलान येतेस ना?"

"तुमीच जावा."

तो एकटाच गेला. ती भाकरीचं पीठ मळत बसली. देवळात घंटा सुरू झाली, झांजा सुरू झाल्या. शंखाच्या जागी सगळे क्षणभर थांबले असावेत, कारण तेवढीच शांतता पडली.

तेवढ्यात खाडीवरून वारा आला आणि खिडकीत ठेवलेला पक्षी आपसूक वाजला. बारीक, लांबलचक.

गोजरा उठली. परातीतल्या पिठाची चिमूट घेऊन तिने शेपटीचं भोक लिंपलं, अंगठ्याने घट्ट दाबलं, आणि तवा चुलीवर ठेवला.