माझ्या गोंगाटातले बोलणे

मी एक जुना सेंट्रिफ्यूज आहे, मित्रांनो. नाव ऐकून बिचकू नका. घरी ताक घुसळले की लोणी वर येते ना, माझे काम त्याच जातीचे. नळ्यांत पातळ पदार्थ भरून माझ्या पोटात ठेवतात, मी तो गरागरा फिरवतो, मग जड ते तळाशी बसते आणि हलके ते वर राहते. मात्र हे करताना मी फार आवाज करतो. त्यामुळे परळच्या आमच्या प्रयोगशाळेत मला अगदी मागच्या खोलीत ठेवले आहे. मला या गोष्टीचा राग येई. काम कसे गुपचूप करावे, असे सांगणाऱ्यांनी बहुधा जड काम कधी केलेलेच नसते.

मी परदेशातल्या कारखान्यात जन्मलो आणि लाकडी खोक्यातून बोटीने मुंबईला आलो. तेव्हा माझा रंग तुकतुकीत पोपटी होता. मला पाहायला मोठमोठे डॉक्टर येत आणि माझ्या झाकणावर कौतुकाने हात फिरवत. खंडेनवमीला माझ्या गळ्यात झेंडूची माळ पडे. माझ्या खिडकीसमोर एका कापडगिरणीची भिंत होती. सकाळी तिचा भोंगा झाला की तिची यंत्रे सुरू होत, आणि थोड्या वेळाने मी. तिच्या खडखडाटापुढे माझी घरघर कोणाच्या कानावरही येत नसे. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग ब्याऐंशी साली गिरण्यांचा संप झाला आणि भोंगा थांबला. आज वाजेल, उद्या वाजेल म्हणून मी वाट पाहिली. ती गिरणी पुन्हा उघडलीच नाही. गल्ली अशी चिडीचूप झाली की एकट्या माझाच आवाज सगळ्यांना टोचू लागला. आमचे शिपाई वसंतराव, तेव्हा नुकतेच नोकरीला लागलेले, तर मला उघड उघड शिव्या घालत.

त्याच गिरणीच्या वाइंडिंग खात्यात, म्हणजे जिथे बॉबिनांवर सूत गुंडाळतात तिथे, सुंदराबाई कामाला होत्या. संपात नोकरी गेली, तेव्हा डिलाईल रोडच्या चाळीत त्यांनी लोकांना डबे करून दिले आणि मुलीला शिकवले. हे मला कळायला बरीच वर्षे जावी लागली. पुढे ती मुलगी, शेवंती, संशोधन करायला माझ्याच खोलीत आली, तेव्हा ते कळले. पहिल्या दिवशी वसंतरावांनी तिला कानात घालायला कापूस आणून दिला.

"नको हो," ती म्हणाली, "गिरणीच्या भिंतीला लागून वाढलेय मी. याचा कसला त्रास?"

त्या दिवसापासून ती माझी लाडकी झाली.

शेवंतीचा विषय होता अल्झायमर, म्हणजे माणसाच्या आठवणी हळूहळू पुसून टाकणारा आजार. या आजारात मेंदूतल्या पेशींच्या बाहेर एका प्रथिनाचे चिकट पुंजके साठतात आणि पेशींच्या आत दुसऱ्या प्रथिनाच्या धाग्यांचा गुंता होतो. आजारी उंदरांच्या मेंदूचे नमुने ती माझ्याकडून फिरवून घेई. मोठे पुंजके तळाशी बसत आणि पुष्कळ जण त्यांचाच अभ्यास करत. शेवंती मात्र वरचे नितळ पाणी जपून काढून ठेवी. त्यात त्याच प्रथिनाचे अगदी लहान, न दिसणारे झुबके तरंगत असतात. दोन पेशींमधले बोलणे आधी तोडतात ते हेच का, हा तिचा प्रश्न होता. त्या प्रश्नापायी तिच्या केसांत चांदी आली आणि माझ्या अंगावर गंज.

दुसऱ्यांच्या घरचा हा आजार ती शोधत होती, तोच तो तिच्या घरी येऊन बसला. सुंदराबाई आमटीत दोनदा मीठ घालू लागल्या. मग त्यांना चाळीचा जिना सापडेना. एका सकाळी त्यांनी शेवंतीलाच विचारले, "बाई, तुम्ही कोणाच्या?" नंतर तर त्या बोलायच्याच थांबल्या. वर्ष झाले, घरात त्यांचा शब्द नव्हता. आई आत कुठे आहे तरी का, एवढेच शेवंतीला हवे होते, आणि एवढी शिकूनही तिला ते कळत नव्हते.

शनिवारी आईला सांभाळायला कोणी नसे, म्हणून ती त्यांना सोबत आणी. अशा माणसाला शांतता हवी, असे सगळे सांगतात. सल्ला विचारायला येणाऱ्या कितीतरी घरांना तिनेही तेच सांगितले होते. म्हणून ती आईच्या कानात हलकेच कापूस घालून तिला लांबच्या वाचनालयात बसवी. माझ्यापासून जितके दूर तितके बरे, असा तिचा हिशेब. मायेच्या माणसाची चूकही मायेचीच असते.

एका शनिवारी वाचनालयाला रंग लागत होता. शेवंतीने नाइलाजाने खुर्ची माझ्याशेजारी मांडली आणि मला सुरू केले. मी वेग धरला, खिडकीच्या काचा थरथरल्या. सुंदराबाई ताठ बसल्या. त्यांनी कानातला कापूस उपटून फेकला आणि त्यांचे हात उठले.

त्यांनी कानाजवळून दोन बोटांचा पीळ खाली आणला, पाची बोटे तोंडाशी नेली आणि पंजा उलटा केला. आजारात हात असे उगाच हलतात, म्हणून शेवंतीने ते मायेने धरून ठेवले. सुंदराबाईंनी चिडून हात सोडवले आणि पुन्हा तेच केले. शेवंतीने स्टूल ओढले आणि ती आईसमोर बसली. तिला लहानपण आठवले होते.

मित्रांनो, खात्यात यंत्रांपुढे माणसाचा आवाज पोचत नसे, म्हणून बाया हातांनी बोलत. सुंदराबाई घरीही गॅलरीतून अंगणात खेळणाऱ्या लेकीला तशाच हाका मारत. बायांनी एकमेकींच्या मुलांनाही खुणा दिल्या होत्या. पिळलेली दोन बोटे म्हणजे वेणी, आणि वेणी म्हणजे शेवंती. सुंदराबाई त्या वेळी मनाने गिरणीत होत्या, आणि शेजारच्या यंत्रावरच्या बाईला विचारत होत्या, "माझी वेणीवाली जेवली का गं?"

मीच ती, असे सांगायला शेवंतीने तोंड उघडले. माझ्या आवाजात काही ऐकू गेले नाही. मग तिने पोटावर हात ठेवून मान हलवली. जेवली. सुंदराबाई हसल्या. तळहातावर बोटाने लिहून त्यांनी पुढचे विचारले, शाळेत गेली? शेवंतीने खुणेनेच सांगितले, गेली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

मी थांबलो आणि ते हात मांडीवर निजले. शेवंतीने मला पुन्हा सुरू केले. वसंतराव डोकावले.

"मॅडम, रिकामाच फिरतोय की हा!"

"फिरू दे, वसंतराव. आई बोलतेय."

वसंतराव उंबऱ्यावरच बसून राहिले. त्यानंतर त्यांनी मला शिवी दिली नाही.

पुढे नवा सेंट्रिफ्यूज आला. अंगाने गोरा, चालीने मांजर. शेवंतीने आईला त्याच्याशेजारी बसवून पाहिले, पण हात काही उठले नाहीत. मला भंगारात काढायचे ठरले, तेव्हा ती संचालकांसमोर उभी राहिली.

"सर, नमुने नव्यावर फिरवू. पण हा मला शनिवारी लागतो."

"कशाला?"

"आईशी बोलायला."

संचालकांनी चष्मा काढून पुसला. "मग राहू दे," ते म्हणाले.

शेवटी शेवटी सुंदराबाईंचे हात थकले. त्या एकच विचारत, वेणीवाली जेवली का. एका शनिवारी शेवंतीने पिळलेली दोन बोटे आधी स्वतःच्या छातीला लावली आणि मग हात पोटावर ठेवला. वेणीवाली मी. मी जेवले. सुंदराबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी लेकीच्या आखूड पांढऱ्या केसांचे तीन पेड केले आणि वेणी घालायला घेतली. त्यांनी ओळखले की नाही, कोण जाणे. मला वजन कळते, मन कळत नाही. वेणी मात्र पुरी झाली.

आता सुंदराबाई नाहीत. त्या आजारावर औषध शेवंतीला अजून सापडलेले नाही, तिचे काम चालू आहे. शनिवारी ती मला कोरड्या फडक्याने पुसते आणि क्षणभर रिकामाच फिरवते.

मित्रांनो, घरातले म्हातारे माणूस गप्प झाले तर ते संपले असे समजू नका. ते कोणत्या गोंगाटात बोलायचे, ते शोधा. जुने यंत्र मोडीत काढण्याआधी एकदा चालवून बघा. आणि तुमची आई तेच तेच विचारत असेल, जेवलास का, जेवलीस का, तर वैतागू नका. पोटावर हात ठेवा आणि तिला सांगा.