पोटरीखालची उशी

उशी म्हटलं की माणसं डोकं टेकवायला बघतात. माझ्यावर आजवर कोणी डोकं टेकवलेलं नाही. हातभर लांब, वीतभर रुंद आणि मधे उतरती घळ असलेली मी एक ठेंगणी उशी आहे, आणि माझी जागा आजाऱ्याच्या पायाशी. तुम्ही माणसं एकमेकांना तोंडाकडून ओळखता. मी तुम्हाला दुसऱ्या टोकाकडून पाहिलंय, म्हणून माझ्या बोलण्यात फार गोडवा शोधू नका.

माझा जन्म एका सुताराच्या टाचेमुळे झाला. मांडीचं हाड मोडलं म्हणून तो म्हातारा दीड महिना हाडांच्या वॉर्डात पाठीवर पडून होता. हाड सुरेख जुळलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. मग चादर काढली, तर डावी टाच कोळशासारखी काळी. दीड महिना रोज तिन्ही ड्युट्यांना चार्टवर 'कातडी ठीक' असं लिहिलेलं होतं. त्या वॉर्डाची रीतच तशी होती. ड्युटी बदलताना दोघी नर्स पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहायच्या, एकीने 'कातडी?' म्हणायचं, दुसरीने 'ठीक' म्हणायचं, सही ठोकायची आणि पुढचा पलंग गाठायचा. चादर वर करायला वेळ कुणाला होता! सुताराचा पाय गुडघ्याखाली कापला. जुळलेलं हाड तेवढं वर शिल्लक राहिलं.

त्या चार्टवरच्या वीस सह्या एकाच नर्सच्या होत्या. तिने त्या बोट ठेवून मोजल्या. दुसऱ्या दिवसापासून ती प्रत्येक चादर वर करून बघायला लागली, आणि वॉर्डातल्या मावशींनी तिचं नाव टाचताई ठेवलं. "टाचताई आल्या गं, पाय झाका!" असं म्हणून सगळ्या फिदीफिदी हसायच्या. तीही हसायची, पण चादर वर करायची ती करायचीच.

टाकाऊ गादीतला स्पंज, फाटकी चादर, वरून पुसता येईल असं रेक्झिन, यांतून तिने मला शिवलं. माझ्या आधीच्या दोघी फुकट गेल्या. एक फार टणक झाली, दुसरी दोन दिवसांत पापडासारखी चपटी. मी जमले. माझं सगळं शास्त्र एका ओळीचं आहे: पोटरी माझ्यावर, टाच हवेत. टाच कशालाच टेकता कामा नये, मलासुद्धा नाही. टाचेखाली सरकवलीत तर मी उशी नाही, दगड आहे. ताईने माझ्यासारख्या आणखी अकरा शिवल्या, आणि वर्षभरात त्या वॉर्डात एकही टाच काळी पडली नाही.

त्याच सुमारास नर्सांच्या देवाणघेवाणीचा कार्यक्रम निघाला. चिनी नर्सांनी इकडे यायचं, इकडच्यांनी तिकडे जायचं, एकमेकींचं काम बघायचं. आधी त्यांच्या सहाजणी आल्या. मेट्रनबाईंनी पडदे धुऊन घेतले, नव्या यंत्रांवरची धूळ झटकली आणि पाहुण्यांना तीच यंत्रं दोनदा दाखवली. पण त्यांच्यातल्या सगळ्यात वडील, चष्मेवाल्या बाई मधेच थांबल्या आणि त्यांनी सरळ एका आजाऱ्याची चादर वर केली. मग मला बघून त्या खाली उकिडव्या बसल्या. ही कुणी केली, असं त्यांनी दुभाष्याकडून विचारलं, तेव्हा मावशींनी टाचताईला पाठीत ढोसून पुढे केलं.

दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं. तरी अर्धा तास दोघी पलंगाच्या पायाशी बसून मला दोन्हीकडून दाबत होत्या, पोटरी उचलत होत्या, टाचेखालून बोट फिरवत होत्या. मेट्रनबाईंचा चहा निवला. निघताना चष्मेवाल्या बाई दुभाष्याकरवी म्हणाल्या, "आमच्याकडे एकच जागा आहे, तीन आठवड्यांची. ही उशी करणारीला पाठवा."

त्यानंतरचे दोन महिने टाचताईचे पाय जमिनीवर नव्हते. एकोणीस वर्षांच्या नोकरीत तिला कुणी कुठे बोलावलं नव्हतं. त्या बाईंच्या हाताखालच्या वॉर्डांत चारशे आजारी असतात, तिथं त्या चादरी कशा वर करतात, एवढं एकच तिला डोळ्यांनी बघायचं होतं. तिच्या सासूबाईंनी अख्ख्या इमारतीला सांगून टाकलं. तिने दुभाष्याकडून दहा-बारा चिनी शब्द लिहून घेतले होते आणि माझा उसवलेला कोपरा शिवताना ती ते पुटपुटायची: टाच, पोटरी, उशी, हळू. 'टाच' हा शब्द मी इतक्यांदा ऐकला की मलाही पाठ झाला. मला येणारा चिनी शब्द तेवढा एकच.

मग मेट्रनबाईंनी तिला बोलावलं. माझा नमुना दाखवायचा म्हणून मी तिच्या काखेत होते.

"अगं, तू गेलीस तर वॉर्डाचं कसं व्हायचं? तुझ्यावाचून इथलं पान हलत नाही," बाई म्हणाल्या. हरभऱ्याच्या झाडावर चढवून खालचं खोड कापावं, असं त्यांचं बोलणं. "माझ्या भाचीला पाठवतेय. ओपीडीत आहे ना, तीच. युनिफॉर्म काय शोभतो तिला! फोटो छान येतात."

"पण बाई, त्यांनी उशी करणारीला..."

"उशी रुग्णालयाची. चादर रुग्णालयाची, गादी रुग्णालयाची. तुझं काय आहे त्यात?"

"शिवलीय मी. दोरासुद्धा माझा आहे," ताई हळूच म्हणाली.

"मग दोरा उसवून घे," मेट्रनबाई म्हणाल्या आणि हसल्या. "आणि तिला जरा शिकवून ठेव."

घरी सासूबाई म्हणाल्या, "आता मी कुणाला तोंड दाखवू?" जिचं जाणंच रद्द झालं होतं, ती टाचताई मात्र भांडी घासत होती. हे तिनेच मावशींना सांगितलं, तेव्हा मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी चादरींच्या खोलीत भाची शिकायला आली. आयत्या बिळावरच्या नागोबालाही थोडी लाज असावी, हिला तेवढीही नव्हती. "ताई, लवकर आटपा हं, मला बॅग घ्यायला जायचंय. तुमच्यासाठी काय आणू? पेनबिन आणते." असं म्हणत ती टेबलावर आडवी झाली आणि मोबाईल बघायला लागली.

टाचताईने मला उचललं. तिने मला पोटरीखाली नाही, थेट टाचेखाली सरकवलं. "ही अशी. टाच बरोब्बर घळीत. घट्ट बसली पाहिजे."

"एवढंच?"

"एवढंच."

माझ्यावर टेकलेली ती पहिली टाच. ताईचा हिशेब मला कळला: चष्मेवाल्या बाई हिला तिथल्या नर्सांसमोर तोंडघशी पाडतील, खोटं उघडं पडेल आणि मग खऱ्या उशीवालीची आठवण होईल. खोटं कशाला बोलू, मलाही तो बेत आवडला. नमुना म्हणून माझ्या एका बहिणीबरोबर मी बॅगेत आनंदाने गेले.

तिथल्या सभागृहात चाळीस नर्सांसमोर पलंग मांडला होता. एक चिनी नर्स आजाऱ्याचं सोंग घेऊन झोपली. भाचीने ऐटीत मला तिच्या टाचेखाली दाबून बसवलं. पुढच्या रांगेतल्या नर्सांनी एकमेकींकडे पाहिलं. आता बसेल चपराक, असं वाटून मी वाट बघत होते. पण पाहुणीची चूक चारचौघांत काढू नये, एवढी सभ्यता त्यांच्याकडे होती. टाळ्या वाजल्या. फोटो निघाला: भाची मधोमध, आजूबाजूला हसऱ्या नर्सा आणि मी टाचेखाली.

सगळ्या पांगल्यावर चष्मेवाल्या बाई एकट्या पुढे आल्या. दुभाषी बस बघायला गेला होता. बाईंनी मला ओढून पोटरीखाली घेतलं, टाचेखालच्या हवेत बोट फिरवलं आणि म्हणाल्या: टाच. तोच शब्द. पुन्हा म्हणाल्या, मग तिसऱ्यांदा. मला कळत होतं, पण मला तोंड नाही. भाची "येस येस, थँक्यू" म्हणत होती आणि फोटोत आपले डोळे मिटलेत का ते बघत होती. बाईंनी सुईदोऱ्याची खूण केली आणि टाचताईची उंची हाताने दाखवली. भाचीने स्वतःकडे बोट केलं. नमुन्याच्या दोन उश्यांपैकी माझ्या बहिणीला बाईंनी ठेवून घेतलं. ती आज योग्य पोटरीखाली असेल. मी परत आले.

भाचीचं पुष्पगुच्छ देऊन स्वागत झालं. तो फोटो मोठा करून व्हरांड्यात लावला. ती सगळ्या रुग्णालयाची प्रशिक्षण प्रमुख झाली, आणि सहाही वॉर्डांसाठी शिंप्याकडून दोनशे उश्या शिवून आल्या. चार्टवर नवा रकाना आला: 'चिनी पद्धतीने उशी दिली'. टाचताईला एक पेन मिळालं, त्यावर हॉटेलचं नाव होतं.

पंधरा दिवस टाचताई चीनमधून बोभाटा होण्याची वाट बघत होती. मग एकदा व्हरांड्यातून जाताना तिने तो फोटो नीट पाहिला. तिची चूक परदेशी जाऊन मान घेऊन परत आली होती.

ती तशीच मेट्रनबाईंकडे गेली. मला त्या फोटोखाली काचेच्या पेटीत मांडणार होते, तोवर मी त्यांच्या टेबलावर होते, म्हणून मी सगळं ऐकलं.

"बाई, ती पद्धत चुकीची आहे. मीच तिला मुद्दाम उलटं शिकवलं."

"लिहून देशील?"

"देते."

"मग नीट ऐक. लिहून दिलंस की नोकरी जाईल, नर्सिंगचं रजिस्ट्रेशन जाईल. आणि एवढं करून तुझ्यासारख्या जळकुटीच्या सांगण्यावरून मी चिनी पद्धत बदलणार नाही. चाळीस जणींनी टाळ्या वाजवल्यात." त्यांनी कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. ताईने पेन उचललं, टोपण काढलं. मग टोपण लावून तिने पेन खाली ठेवलं. मी तिला दोष देते. जिने मला घडवलं तिला दोष देताना मला वाईट वाटतं, पण देते.

स्वतःच्या वॉर्डात ती उश्या सरळ करते. काही दिवस ड्युटी संपल्यावर इतर वॉर्डांत हिंडून पोटऱ्या उचलायची. मागून तिथल्या नर्सा उश्या पुन्हा टाचेखाली सारायच्या, कारण रकाना भरायचा असतो. मग तक्रार झाली आणि लेखी हुकूम आला: टाचताईने दुसऱ्या वॉर्डात पाऊल टाकू नये.

आता मी व्हरांड्यात त्या फोटोखाली काचेच्या पेटीत आहे. समोर बायकांच्या वॉर्डाचं दार. दाराजवळच्या पलंगावर खुबा मोडलेल्या एक आजी आहेत. नऊ दिवस त्या कण्हत होत्या, "अगं बये, काढ गं ती उशी, टाच ठणकतेय." नवी सिस्टर दर वेळी म्हणायची, "आजी, चिनी पद्धत आहे, गप पडा बघू," आणि उशी आणखी घट्ट बसवायची.

आज सकाळी टाचताई जाताना दाराबाहेरच थांबली. "आजी, टाच कशी आहे?"

"अगदी बरी गं बाई," आजी आनंदाने म्हणाल्या. "कालपासून दुखायचीच थांबली. गुणाची आहे हो उशी."

मेलेली कातडी ठणकत नाही, हे त्या सबंध व्हरांड्यात दोघींनाच ठाऊक होतं, तिला आणि मला. तिचा एक पाय उंबऱ्यावर होता. आत सिस्टरने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ताईने पाय मागे घेतला आणि ती निघून गेली.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमचं कोणी असं पाठीवर पडून असेल, तर फुलं नेऊ नका, फळं नेऊ नका. चादर वर करा आणि मला टाचेखालून ओढून काढा. दुखतंय म्हणाले तर लगेच जा. दुखायचं थांबलं म्हणाले, तर पळत जा.