चांदीच्या कागदातलं रक्त

या मास्तर, गाडी तिथंच लावा अन् बसा. माह्याच गाढवपनाचा किस्सा सांगतो, काही लपवत नाई.

बुधवारी लॅबची जीप घेऊन झरी जामणीकडच्या एका पोडावर, कोलामायच्या वस्तीवर गेल्तो, रक्त आनाले. थितल्या लोकायले दिवेलागनीले दिसत नाई, म्हनून अंगात 'ए' जीवनसत्त्व किती हाय थे मोजाचं होतं. सिस्टरनं तीस नळ्या भरल्या. पोळ्या गुंडाळतो ना, त्या चांदीच्या कागदात गुंडाळून मले देल्या अन् गेली फटफटीवर. म्या जीप काढली, तं पोडातली शकुबाई समोर उभी.

"आमचं रक्त आमाले दाखव. चोरीच्या मालावानी काहून गुंडाळलं बे?"

त्या पोडाची रीतच हाय. मोह असो का डिंक, बाहेर जानारी चीज आधी साऱ्यायपुढं मोकळी करा लागते. मले पटलं. म्या कागद सोडले, नळ्या बोनेटवर मांडल्या. भर उन्हात अर्धा तास जत्रा. जो थो आपली नळी हुडकून हासून राह्यला.

लॅबमंदी मशीनवर साधनाताई असते. बारीक नळीतून पंप पातळ औषध ढकलते, रक्तातलं एकेक सत्त्व अलग होऊन निंगते, अन् स्क्रीनवर त्याचा डोंगर उठते. डोंगर मोठा, तं सत्त्व जास्त. 'ए'चा डोंगर पाहून ताई थांबली.

"जमीरभाऊ, साऱ्यायचेच टेकाड. पोटुशी संगीताचं तर सपाटच. कागद उघडला होता?"

"दाखवाले उघडला."

"उन्हात?"

म्या 'हो' म्हनून मान हालवली.

"उजेड 'ए'ले खाऊन टाकते, भाऊ."

मांगून लॅबचे साहेब म्हनाले, "राहू द्या. कमी निघालं तर मोठा डोस मिळेल, गावाचं भलंच आहे. ड्रायव्हर बोलला तर उद्यापासून येऊ नको म्हणावं."

खोटं काहून बोलू, मलेबी घडीभर गोड वाटलं.

ताई म्हने, "साहेब, हे 'ए' पान्यात विरघळत नाही, लघवीतून जात नाही. चरबीत साचते. संगीताच्या पोटातल्या लेकराले थो डोस भोवला तर?"

"नळ्या उघडल्याचा पुरावा काय?"

"पुरावा मी हाय ना," म्या म्हनलं. "उघडल्या मी, लेहूनबी मीच देतो. नोकरी घ्या. थे जीप धक्क्याबिगर सुरू होत नाई, पाहू कोन चालवते."

काल पोडावर जाऊन सारं सांगतलं. शकुबाईनं आधी शिव्या घातल्या.

"रक्त का हिरीचं पानी हाय बे, पुन्हा शेंदाले?"

मंग बांगड्या वर सारल्या. "पह्यले माह्यं घे. पन चूक कोनाची थे कागदावर लेहून आन. त्याबिगर संगीताले सुई लावू देनार नाई."

माह्यं लेहनं तुमाले ठाऊक हाय, सही केली तं बँकवाला दोनदा पाह्यते. हा कागद घ्या, हा पेन. लेहा, नळ्या जमीर ड्रायव्हरनं उन्हात उघडल्या, साऱ्यायचं रक्त नव्यानं घ्या. 'नजरचुकीनं' असं गुळमुळीत घालू नका, मास्तर. जसं सांगतलं तसंच लेहा.