गुप्त घराचं उद्घाटन

सरावलीच्या पलीकडे, चिकूच्या वाडीत, एक घर आहे. त्याचा पत्ता कोणालाही सांगायचा नाही असा नियम आहे, आणि डहाणूतले सगळे रिक्षावाले तो कसोशीने पाळतात. बाईमाणूस गाडीत बसून नुसतं "सरलाबेनच्या वाडीत" म्हणालं, की ते आरशात बघत नाहीत, विचारपूस करत नाहीत आणि फाटकापाशी हॉर्न न वाजवता थांबतात. डहाणूची रिक्षा हॉर्न न वाजवता थांबली, की समजावं.

आधी तिथे चिकूची शेड होती. उतरवलेले चिकू धुवायचे, लहान-मोठे वेगळे करायचे, करंड्या भरायच्या. सोनीबाई या कामाला तलासरीकडून यायची. एका हंगामात ती एका बाईला बरोबर घेऊन आली. बाईचा हात फडक्याने गळ्यात बांधलेला.

"एका हाताने ही काय काम करणार?" सरलाबेननी विचारलं.

"काम नाय करायची. राहील."

"तुझी कोण लागते?"

"हिचं लगीन मी गायलं."

वारल्यांत लग्न लावते ती धवलेरी. ती गाते, देवांना बोलावते, आणि तिचं गाणं पुरं झाल्याशिवाय लग्न लागत नाही. सोनीबाई धवलेरी. आपण गायलेलं लग्न बिघडलं तर दुरुस्तीही आपल्याकडेच, असं तिने स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. एवढी हमी पंख्याची कंपनीसुद्धा देत नाही.

सरलाबेननी सावधपणे विचारलं, "आजवर किती लग्नं गायलीस गं?"

सोनीबाईने आठवण्यासाठी डोळे मिटले. बराच वेळ झाला तरी ते उघडेनात, तेव्हा सरलाबेननी शेडमध्ये भिंत घालायला गवंडी बोलावला.

मग बायका येत गेल्या. सोनीबाईने न गायलेल्या लग्नांतल्याही आल्या, आणि ज्यांची लग्नं हॉलमध्ये, बँड लावून झाली होती, त्याही. एका शिक्षकाची बायको इस्त्रीच्या साडीत आली. पाठीवर काय होतं ते त्या साडीने व्यवस्थित झाकलं होतं.

एक मुलगी आली, तिचं तर लग्नही झालेलं नव्हतं. तिच्यावर जे गुदरलं ते तिने पोलिसांना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, आणि मग तिचं बोलणंच बंद झालं. कोर्टाच्या प्रत्येक तारखेला सरलाबेन तिच्या शेजारी जाऊन बसायच्या. इकडे सोनीबाई तिच्यापुढे करंडी ठेवायची आणि स्वतःही गप्प बसायची. चिकूशी काही बोलावं लागत नाही. एके दिवशी मुलगी एक चिकू बाजूला काढून म्हणाली, "हा नासलाय." त्या दिवशी सोनीबाई वाडीभर आनंदाने सांगत फिरली, "नासलाय, नासलाय!"

यंदा शेडच्या जागी पक्क्या खोल्या झाल्या. आतून लागणाऱ्या कड्या, स्वतंत्र न्हाणीघर. आणि नेमके यंदाच सरलाबेनचे यजमान गोपीनाथराव सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. उद्घाटन न झालेली इमारत त्यांना दिसतच नाही. जन्मभराची सवय.

"अहो, ते गुप्त आहे," सरलाबेन म्हणाल्या.

"मग मंडप लहान घालू."

मंडप लहान घातला. त्यावर "गुप्त निवारा केंद्र, सर्वांचे हार्दिक स्वागत" असा फलक लावला. लोकांची चुकामूक नको म्हणून रस्त्यावर बाण काढले आणि पाड्यांवरची मंडळी आणायला टेम्पो पाठवला.

त्या टेम्पोत चिमण होता.

चिमणची बायको दक्षा दिवाळीआधी इथे आली होती. ओठ फाटलेला, कानातलं ओढून घेतलेलं. तेव्हापासून तो तिला शोधत होता, घरी न्यायचं म्हणून. गोपीनाथरावांनी त्याचे सगळे कष्ट वाचवले. त्याला टेम्पोने आणलं, पुढच्या रांगेत बसवलं, वर गुलाबाचं फूल दिलं. त्याच्या शेजारी त्याची आई बसली होती.

नारळ फुटला. टाळ्या थांबायच्या आत चिमण उठला आणि दाराकडे निघाला. आतल्या बायकांनी कडी लावली. नव्या कडीचा आवाज मंडपभर ऐकू गेला.

"दक्षे, बाहेर ये! गाडी उभी आहे."

गोपीनाथरावांच्या तेव्हा कुठे लक्षात आलं. ते धावत दारापुढे जाऊन उभे राहिले. "कार्यक्रमपत्रिकेत हे नाही," एवढंच त्यांना सुचलं. पण हलले मात्र नाहीत.

"साहेब, बाजूला व्हा. लगीन लागलंय. माझी बायको आहे."

"लगीन मी गायलं रं," मागून सोनीबाई म्हणाली. ती सावकाश पुढे आली. "अर्धं इसरला असशील तू. ताडी पिऊन बसलेलास. परत गाते, ऐक."

आणि तिने दक्षाचं लग्न पुन्हा गायला सुरुवात केली. मंडपातल्या बायकांनी सवयीने मागे सूर धरला. देव आले, हळद आली, मांडव आला. गाता गाता ती जागा आली, जिथे नवरीचा हात नवऱ्याच्या हातात देतात. तिथे सोनीबाई थांबली.

धवलेरी थांबली तर पुढची ओळ मागच्या बायकांनी उचलायची असते. सगळ्यांना ती पाठ होती. कोणी पदर सारखा केला, कोणी पोराला मांडीवर घेतलं. उचलली कोणी नाही.

चिमण आईकडे वळला. "आये, म्हण ना! तुला येतंय!"

म्हातारीने तोंड उघडलं, मिटलं आणि खाली बघितलं.

मग गोपीनाथराव हळूच म्हणाले, "टेम्पो परत निघतोय. सोडतील तुम्हाला." चिमणने फूल खुर्चीवर टाकलं आणि गेला. टेम्पो त्या एकट्याला घेऊन गेला, कारण बाकीच्यांना अजून चहा मिळायचा होता.

चहा झाला, माणसं पांगली, तरी चिमणची आई उठेना. सरलाबेन जवळ गेल्या. "मावशी, तुमचा टेम्पो?"

म्हातारीने बाही वर सारली. दंडावर काळं-निळं होतं. दिवाळीनंतरचं, तोवर चिमणचा हात दक्षावर चालायचा.

"माझं लगीन हिच्या आईने गायलेलं," ती सोनीबाईकडे बोट करून म्हणाली. "चालल का?"

कोणी उत्तर द्यायच्या आत कडी निघाली. दक्षा दारात आली. सासूकडे बराच वेळ बघत राहिली; हिने मुलाला कधी अडवलं नव्हतं, तेही त्या बघण्यात होतं. मग ती आत गेली, आपली गोधडी भिंतीकडे सरकवली आणि तिथूनच म्हणाली,

"माझ्या बाजूला जागा आहे. पण आये, घोरायचं नाय."